बोल उशिरा का फुटतात? : डॉ. डॉरथी बिशप यांचे बालभाषाविषयक कार्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



एखाद्या घरात चार वर्षांचे मूल असते. त्याच्या कानांची तपासणी झालेली असते व त्यात दोष आढळलेला नसतो. डोळ्यांत तरतरी असते. खेळण्यातली मोटार उघडून ते पुन्हा जोडू शकते, आजोबांच्या मांडीवर बसून लाडही करून घेते. परंतु त्याचे वाक्य दोन-तीन शब्दांपलीकडे जात नाही. 'आधी चप्पल काढ आणि मग आजोबांना पाणी दे' असे सांगितले, तर चप्पल पायात तशीच ठेवून ते पाण्याच्या पेल्याकडे धावते. घरातील प्रत्येकाजवळ याचे एकेक स्पष्टीकरण तयार असते. कोणी म्हणते, मुलगे उशिराच बोलतात. कोणी म्हणते, आई नोकरीला जाते, मुलाशी बोलायला घरात आहे कोण? कोणी म्हणते, घरात गुजराती, शेजारी मराठी आणि शाळेत इंग्रजी, पोराच्या डोक्यात गोंधळ होणारच. आजी मात्र शांतपणे सांगते, 'याचा बापसुद्धा पाच वर्षांचा होईपर्यंत नीट बोलत नव्हता.' पुढे शाळेतून चिठ्ठी येते : 'मुलाचे वर्गात लक्ष नसते.'

या सर्व स्पष्टीकरणांपैकी शास्त्राच्या सर्वांत जवळचे कोणते, असे विचारले तर उत्तर आजीच्या बाजूने द्यावे लागते. हे उत्तर ज्यांच्या संशोधनातून बऱ्याच अंशी सिद्ध झाले, त्या ऑक्सफर्ड विद्यापीठातील विदुषी डॉ. डॉरथी बिशप यांच्या कार्याचा परिचय करून देणे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

डॉ. बिशप यांचा जन्म 1952 सालचा. ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज महाविद्यालयात त्यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचे शिक्षण घेतले. त्यानंतर लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री या संस्थेत चिकित्सा-मानसशास्त्राचे प्रशिक्षण पूर्ण करून त्या पुन्हा ऑक्सफर्डला परतल्या आणि मुलांच्या भाषा-आकलनावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. नुसत्या प्रयोगशाळेत वाढलेल्या अभ्यासकाला मूल म्हणजे आकड्यांचा एक स्तंभ वाटू लागण्याचा धोका असतो. आणि नुसत्या दवाखान्यात वाढलेल्या चिकित्सकाला समोरचे मूल हेच सारे जग वाटू शकते. डॉ. बिशप यांच्या लेखनात हे दोन्ही दोष क्वचितच दिसतात, याचे श्रेय त्यांच्या या दुहेरी शिक्षणाला द्यावे लागेल.

1970 च्या दशकात त्यांनी या क्षेत्रात पाऊल ठेवले, तेव्हा भाषाविकार असलेल्या मुलांचे 'बोलता न येणारी' आणि 'समजत नसणारी' असे दोन ढोबळ गट मानले जात. पहिल्या गटातील मुलांना सर्व कळते, केवळ जिभेवर शब्द येत नाही, असा समज होता. मूल आपल्या घरात, आपल्या माणसांत वावरत असताना हा समज सहज खरा वाटतो. जेवणाच्या वेळी ताटाकडे बोट दाखवून 'बस' म्हटले की मूल बसते. ते शब्द ऐकून बसले की ताट पाहून, याचा कोणी विचार करीत नाही. डॉ. बिशप यांनी परिस्थितीचा असा आधार काढून घेतला आणि केवळ वाक्याच्या बळावर मुलाला किती समजते, हे मोजण्याची रीत बसविली.

त्यातून 1982 साली 'टेस्ट फॉर रिसेप्शन ऑफ ग्रामर' ही चाचणी सिद्ध झाली. 'ट्रॉग' या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. मुलासमोर एका पानावर चार चित्रे ठेवायची, परीक्षकाने एक वाक्य उच्चारायचे आणि मुलाने योग्य चित्रावर बोट ठेवायचे. मुलाने तोंडाने काहीही बोलण्याची आवश्यकता नाही. एका चित्रात मुलगी घोड्याच्या मागे धावत असेल, तर दुसऱ्यात घोडा मुलीच्या मागे. शब्द तेच, प्राणी तेच; फरक केवळ व्याकरणाचा. असे चार-चार वाक्यांचे वीस गट मिळून ऐंशी वाक्ये होतात. ही चाचणी लावल्यावर, ज्यांना 'सर्व समजते' असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते, त्यांतील अनेक मुलांना वाक्याची घडणच उलगडत नाही, हे ध्यानात येऊ लागले. 'सांगितलेले ऐकत नाही' म्हणून ज्या मुलाला धपाटा मिळत होता, त्याच्यापर्यंत सांगणे पोहोचलेच नव्हते. 2003 साली या चाचणीची सुधारित आवृत्ती निघाली.

याच सुमारास त्यांनी मेंदूच्या अंगघातामुळे जन्मापासून एकही शब्द उच्चारू न शकलेल्या व्यक्तींचा अभ्यास केला. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचा निष्कर्ष चकित करणारा आहे. ज्यांनी आयुष्यात कधी उच्चार केला नाही, त्यांनाही दोन शब्दांचे यमक जुळते की नाही, हे ओळखता येत होते आणि ऐकलेले शब्द मनात धरून ठेवता येत होते. वाणी आणि भाषा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून उघड होते. मुखातून शब्द न निघणाऱ्या मुलाच्या अंतरंगात भाषा नांदत असू शकते. उलट घडाघडा बोलणाऱ्या मुलाचीही भाषा आतून अपुरी असू शकते. आपल्याकडे सर्वसामान्यपणे 'बोबडा', 'तोतरा' आणि 'बोलायला उशीर लागलेला' या सर्वांची एकाच पंक्तीत गणना होते. ती तशी होऊ नये.

आता पालकांना सर्वांत अधिक छळणारा प्रश्न : 'मोठा झाला की आपोआप बोलेल का?' नातेवाइकांचे उत्तर ठरलेले असते. डॉ. बिशप आणि त्यांच्या सहकारी ए. एडमंडसन यांनी भाषेत मागे असलेल्या चार वर्षांच्या 87 मुलांना निवडून साडेपाच वर्षांच्या वयापर्यंत त्यांची पुनःपुन्हा तपासणी केली. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की साडेपाचव्या वर्षी सुमारे 37 टक्के मुले इतर मुलांच्या बरोबरीला आली होती. म्हणजे नातेवाइकांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. पण उरलेल्या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ते खरेही नव्हते. कोणते मूल सावरेल, याचा अंदाज देणाऱ्या चाचण्यांत सर्वांत उपयुक्त ठरली ती एक साधी चाचणी : एका खट्याळ बसची चित्रमय गोष्ट मुलाला ऐकवायची आणि तीच गोष्ट त्याला पुन्हा सांगायला लावायची. वाक-उपचारतज्ज्ञ कॅथरिन रेनफ्रू यांनी ही चाचणी तयार केली होती. घटनांचा क्रम, पात्रे आणि वाक्ये या सर्वांची मोट बांधल्यावाचून गोष्ट सांगता येत नाही; म्हणूनच बहुधा ती इतकी बोलकी ठरली असावी.

ही कहाणी येथे थांबत नाही. तीच मुले पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर त्यांपैकी 71 जणांची पुन्हा तपासणी करण्यात आली आणि 1998 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साडेपाचव्या वर्षी सावरलेल्या मुलांचा शब्दसंग्रह आणि आकलन आता ठीक होते. मात्र शब्दांतील ध्वनींची हाताळणी आणि वाचन-लेखन यांत ती समवयस्कांपेक्षा मागे होती. जी मुले त्या वेळी सावरली नव्हती, त्यांच्या अडचणी सर्वच अंगांनी टिकून होत्या. एका मुलाचा माग बारा वर्षे ठेवणे हे संशोधकाच्या चिकाटीचे काम आहे, तसेच ते पालकांच्या सहकार्याचेही आहे. चौथ्या वर्षी काढलेल्या निष्कर्षाला पंधराव्या वर्षी पुन्हा कसोटीला लावणारे अभ्यास थोडेच असतात.

आता आजीच्या विधानाकडे वळता येईल. भाषेची अडचण घराण्यात चालत येते, हे पूर्वीही दिसत होते; पण घराण्यात आचारही चालत येतात, स्वयंपाकाच्या रीतीही चालत येतात. रक्ताचा भाग किती आणि संगतीचा किती, हे वेगळे काढण्यासाठी जुळ्या मुलांचा अभ्यास करावा लागतो. डॉ. बिशप यांनी टी. नॉर्थ आणि सी. डॉनलन यांच्यासह 63 एकबीज जुळ्यांच्या आणि 27 द्विबीज जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. 1995 च्या या अभ्यासात एकबीज जुळ्यांत एकाला भाषाविकार असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण द्विबीज जुळ्यांपेक्षा ठळकपणे अधिक आढळले. एकबीज असो वा द्विबीज, जुळी मुले एकाच घरात, एकाच आईच्या बोलण्यात वाढतात. तेव्हा या फरकाचे मूळ आनुवंशिकतेत शोधावे लागते. आईच्या नोकरीवर ठेवला जाणारा ठपका या एका अभ्यासाने पुष्कळसा सैल केला, असे म्हणण्यास हरकत नाही.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट दडलेली होती. त्या काळी 'विशिष्ट भाषाविकार' हे निदान करण्यासाठी मुलाची सामान्य बुद्धिमत्ता आणि भाषा यांत मोठी तफावत असणे आवश्यक मानले जात असे. बुद्धी चांगली, भाषा कच्ची, तरच निदान व्हायचे. डॉ. बिशप यांनी ही अट सैल करून, कमी तफावत असलेली आणि पूर्वी अडचण असलेली मुलेही मोजली, तेव्हा एकबीज जुळ्यांतील साम्य जवळजवळ पूर्ण आणि द्विबीज जुळ्यांतील साम्य सुमारे निम्मे असे स्वच्छ चित्र दिसू लागले. याचा सरळ अर्थ असा, की निसर्गाला ही अट ठाऊक नव्हती. ती माणसांनी कागदावर आखलेली रेषा होती. या रेषेपायी किती मुले उपचारांबाहेर राहिली असतील, याची गणती कोण करणार?

पुढच्याच वर्षी, 1996 साली, त्यांनी निरर्थक शब्दांच्या पुनरुच्चाराची कसोटी जुळ्यांना लावली. 'टिरमोळ', 'बडोफिसणी' यांसारखा अर्थ नसलेला शब्द ऐकवायचा आणि मुलाला तो जसाच्या तसा म्हणायला सांगायचा, इतकीच ती कसोटी. भाषाविकार असलेल्या मुलांना हे जड जाते. आणि विशेष म्हणजे ज्यांची भाषा वरकरणी सुधारली आहे, त्यांनाही जड जाते. जखम भरून येते, व्रण राहतो. तसाच हा प्रकार.

2001 साली ऑक्सफर्डच्याच संशोधकांनी लंडनमधील एका कुटुंबात 'फॉक्सपी-टू' या जनुकातील बदल शोधून काढला. त्या कुटुंबात तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या व्यक्तींना वाणी आणि भाषेची गंभीर अडचण होती. वृत्तपत्रांनी लगोलग 'व्याकरणाचे जनुक सापडले' असे मथळे दिले. डॉ. बिशप यांची भूमिका मात्र प्रथमपासून संयमाची राहिली. ज्या पुढील अभ्यासात त्या स्वतः सहभागी होत्या, त्यात सर्वसामान्य भाषाविकाराच्या मुलांमध्ये हा बदल कारणीभूत नसल्याचे दिसून आले. बहुतेक मुलांत अनेक जनुकांचा अल्प-अल्प प्रभाव एकत्र येतो आणि त्याला इतर घटकांची जोड मिळते, असे आज मानले जाते. तेव्हा रक्ताची तपासणी करून हे निदान होत नाही. मुलाशी बोलून, त्याचे ऐकूनच ते करावे लागते.

त्यांचा संशय केवळ वृत्तपत्रांपुरता नव्हता. मुलांचा मेंदू भरभर बदलणारे ध्वनी टिपू शकत नाही, म्हणून भाषा बिघडते, असा एक सिद्धांत 1990 च्या दशकात अतिशय लोकप्रिय झाला होता आणि त्यावर आधारलेले महागडे संगणकीय खेळ बाजारात आले होते. 1999 साली डॉ. बिशप यांनी हा सिद्धांत जुळ्या मुलांवर पारखला. ध्वनी टिपण्यातील अशी उणीव भाषाविकार होण्यास आवश्यकही नाही आणि पुरेशीही नाही, असे त्यांना दिसले. पुढे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात त्या संगणकीय उपचारांनी मुलांच्या भाषेत वा वाचनात सुधारणा होते, याला पुरावा आढळला नाही. हताश पालक कोणत्याही आश्वासनाला बळी पडतात, हे जाणणाऱ्या संशोधकाचे हे काम आहे. डावखुरेपणाच्या बाबतीतही त्यांनी असेच केले. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात डावा हात आणि विकासातील विकार यांचा संबंध मानला जातो त्याहून फारच क्षीण असल्याचे त्यांनी साधार दाखवून दिले. मुलाचा डावा हात बांधून ठेवण्याची रीत ज्या घरांत अजून टिकून असेल, त्यांनी याची नोंद घ्यावी.

त्यांच्या इतर कार्याचा केवळ उल्लेख करता येईल. न्यूकॅसल आणि मँचेस्टर येथे काम करून, केंब्रिजमधील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विभागातून त्या 1998 साली ऑक्सफर्डला आल्या आणि 2022 साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. 1997 साली त्यांचा 'अनकॉमन अंडरस्टँडिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. संभाषणाच्या रीतीभातींत अडखळणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पालकांनी भरावयाची एक प्रश्नावली तयार केली. तिच्या 2003 च्या आवृत्तीत 70 विधाने आहेत. 2014 साली त्या रॉयल सोसायटीच्या सदस्या झाल्या. त्याच सोसायटीचे सदस्य असलेले उद्योगपती इलॉन मस्क यांचे वर्तन संस्थेच्या आचारसंहितेशी विसंगत असल्याचे सांगून 2024 साली त्यांनी ते सदस्यत्व स्वतःहून सोडले. वैज्ञानिकांना सर्वांत मोठे वाटणारे मानचिन्ह असे खाली ठेवणारी माणसे विरळाच.

मात्र सामान्य कुटुंबांच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे कार्य नावाच्या प्रश्नाचे आहे. 2010 साली त्यांनी बालविकासातील निरनिराळ्या विकारांवर किती संशोधन होते, याची तुलना केली. स्वमग्नता, अतिचंचलता यांच्या मानाने भाषाविकार अधिक मुलांत असूनही त्यावरील संशोधन फारच तुटपुंजे आढळले. याचे एक कारण उघड होते : या स्थितीला एक नावच नव्हते. एक तज्ज्ञ 'विशिष्ट भाषाविकार' म्हणे, दुसरा 'भाषा-विलंब', तिसरा 'विकासात्मक वाचाघात'. पालक तीन दारांत तीन नावे ऐकून येत. नाव नसलेल्या दुःखासाठी कोणी निधी देत नाही, शाळा सवलत देत नाही.

डॉ. बिशप यांनी मार्गारेट स्नोलिंग, पॉल थॉम्पसन आणि त्रिशा ग्रीनहाल्घ यांच्यासह हा गुंता सोडविण्याचे मनावर घेतले. इंग्रजी भाषिक सहा देशांतील 59 तज्ज्ञांना प्रश्नावली पाठवायची, सर्वांची उत्तरे नावे न सांगता सर्वांना दाखवायची आणि पुन्हा मत मागवायचे, अशा फेऱ्या झाल्या. 2016 आणि 2017 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर', म्हणजे विकासात्मक भाषाविकार, हे नाव त्यातून पुढे आले. बुद्धिमत्तेशी तफावतीची जुनी अट काढून टाकण्यात आली. श्रवणदोष, स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम यांसारखे कारण असेल तर 'त्या स्थितीशी निगडित भाषाविकार' असे म्हणावे, असेही ठरले. इंग्लंडच्या सरे परगण्यात शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांची पाहणी 2016 साली प्रसिद्ध झाली. तीत ज्ञात कारणावाचून भाषाविकार असलेल्या मुलांचे प्रमाण 7.58 टक्के आढळले. तीस मुलांच्या वर्गात हे सुमारे दोन होतात.

त्याच तज्ज्ञांनी मान्य केलेली एक गोष्ट आपल्या समाजातील कुटुंबांना विशेष लागू पडते. मूल घरची भाषा उत्तम बोलत असेल आणि केवळ शाळेची भाषा कच्ची असेल, तर तो विकार नव्हे. खरा विकार असेल तर तो मुलाच्या सर्व भाषांत दिसतो. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने हा विकार उत्पन्न होत नाही. तरीही 'घरात फक्त इंग्रजी बोला' असा सल्ला अनेक ठिकाणी आजही दिला जातो. त्याने मुलाची इंग्रजी सुधारतेच असे नाही. आजीशी बोलण्याची भाषा मात्र हमखास जाते. आणि गोष्ट सांगण्याचा सराव ज्या माणसाजवळ सर्वांत सहज व्हायचा, ती व्यक्तीच मुलाला परकी होते.

आपल्या देशातील व्यवस्थेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायमस्वरूपी स्थितीपुरती आहे. विकासात्मक भाषाविकाराचे कारण तर असे बोट ठेवून दाखविता येत नाही. 'विकासात्मक वाचाघात' हा शब्द मात्र त्याच कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत आलेला आहे. पालकांना हा दुवा ठाऊक असणे उपयोगाचे. 2013 साली महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत भाषा-विलंबाचा समावेश आहे आणि अंगणवाडीतील तपासणीनंतर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून, आणि म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965 पासून कार्यरत आहे.

पालकांनी पाहावयाचे ते थोडकेच आहे. तीन ते चार वर्षांच्या मुलाचे बोलणे दोन शब्दांपलीकडे जात नसेल, साधी सूचना त्याला हातवाऱ्यांवाचून कळत नसेल, किंवा घरच्यांनाही त्याचे बरेचसे बोलणे समजत नसेल, तर थांबू नये. पाच वर्षांनंतर ऐकलेली गोष्ट सुसंगत सांगता येत नसेल, तरीही थांबू नये. प्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी, मग वाक-उपचारतज्ज्ञांकडे जावे.

तेथे गेल्यावर तज्ज्ञांपुढे मात्र एक अडचण उभी राहते. डॉ. बिशप यांची चार चित्रांची चाचणी इंग्रजी व्याकरणावर बेतलेली आहे. तिचे भाषांतर करून भागत नाही. इंग्रजीत कोणी कोणाला ढकलले, हे शब्दांच्या क्रमावरून ठरते. मराठीत ते 'ने' आणि 'ला' या प्रत्ययांवरून ठरते, क्रम उलटा केला तरी अर्थ तोच राहतो. शिवाय लिंग-वचनानुसार बदलणारी क्रियापदे आहेत, सामान्यरूपे आहेत. मराठी मुलाला कोणत्या वयात काय समजावे, याचे मापदंड मराठी मुलांवरूनच ठरवावे लागतात आणि त्यासाठी प्रथम निरोगी, सर्वसाधारण मुलांची शेकड्यांनी तपासणी करावी लागते. अशी मुले दवाखान्यात येत नाहीत. ती बालवाड्यांत असतात. ज्या संस्था बालवाड्या चालवितात, त्यांनी अशा तपासणीसाठी आठवड्यातील एक तास आणि एक शांत खोली उपलब्ध करून दिली, तर विद्यापीठातील अभ्यासकांचे निम्मे काम तेथेच होऊ शकेल.